बंडखोरांना जेवू कोण घालतं?

नौपाड्यात आमच्या घरी रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पाच-सहा मुलं येतात. परवा त्यांतल्या कळव्याच्या मुलानं चपला घालता घालता विचारलं, "मॅडम, यादवी युद्ध का पेटतं यावर आम्ही गरिबी, वांशिक वैर, दुबळं सरकार असं लिहितो. पण तेवढ्याच गरीब दोन देशांत एकीकडे बंडखोर लोकांचे हात तोडतात आणि दुसरीकडे गावात न्यायनिवाडा करत बसतात, ते कशामुळे? एक युद्ध दहा वर्षांत मिटतं, दुसरं पन्नास वर्षं चालतं. यात बंडखोर गटाचा स्वतःचा वाटा किती?" दारात उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नव्हतं, म्हणून लिहून देते आहे.

वाटा फार मोठा. गरिबी आणि अन्याय जगात कुठे नाही? पण युद्ध कसं लढलं जाईल, त्यात कोण भरडलं जाईल आणि ते कशानं थांबेल, हे बरंचसं बंड करणारा गट पहिल्या दोन-चार वर्षांत कसा बांधला गेला यावर ठरतं. शस्त्रं खाली ठेवायला आलेल्या लोकांची नोंदणी करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, सिएरा लिओनमध्ये, लायबेरियात, नेपाळात. अर्जात नाव, वय, गाव, तुकडी असे रकाने असायचे. ते भरून झाले की मी पेन खाली ठेवून माझा एक प्रश्न विचारायचे, "तुला जेवायला कोण द्यायचं?" गट कसा आहे हे मला त्या उत्तरातून जेवढं कळलं तेवढं त्यांच्या जाहीरनाम्यांतून कधी कळलं नाही.

२००१ चा पावसाळा. सिएरा लिओनचा कोनो जिल्हा, म्हणजे हिऱ्यांचा मुलूख. कोइडू गावात लोकांच्या घरांखालीही हिऱ्यांसाठी खणलेलं होतं. भिंती उभ्या, आणि आत जमिनीच्या जागी गढूळ पाण्यानं भरलेला खड्डा. ताडपत्रीखाली आमचं टेबल, बाजूला गोळा केलेल्या बंदुका. एक मुलगा समोर आला, सतरा-अठराचा असेल. रायफल उघडून पुन्हा जोडून दाखवायची होती, म्हणजे ती चालवणारा हाच हे कळे. त्यानं माझ्याकडे बघत बघतच ती जोडली. बोटं आपली आपण चालत होती. मग मी माझा प्रश्न विचारला, तो त्याला नीट कळेना. "देणार कोण? आम्ही आणायला जायचो." त्यांच्यात याला नाव होतं, अन्न शोधायची मोहीम. गावात शिरायचं, तांदूळ, बकऱ्या, कोंबड्या उचलायच्या आणि ते ओझं गावकऱ्यांच्याच डोक्यावर देऊन त्यांना चालवायचं. मी विचारलं, "त्याच गावात पुन्हा जायची वेळ आली तर?" तो म्हणाला, "पुन्हा कशाला? तिथे काही उरलेलं नसायचं."

तो ज्या गटातला होता तो रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट मार्च १९९१ मध्ये लायबेरियाच्या सीमेवरून आत आला. नेता फोडे सांकोह, पाठीराखा लायबेरियाचा चार्ल्स टेलर. बंदुका सीमेपलीकडून येत, पैसा हिऱ्यांतून येई, माणसं पळवून आणलेली असत. हिरेही असे की खोल खाण लागत नाही. नदीकाठचा गाळ उपसून चाळणीत धुतला की झालं. फावडं, चाळणी आणि डोक्यावर बंदूक धरलेले मजूर एवढ्यावर धंदा चालतो. अशा गटाला गावकऱ्यांची कशासाठीच गरज नसते. त्यांनी शेत पेरलं काय, न पेरलं काय, ते पळून गेले काय, गटाचं काही अडत नाही. सुरुवातीच्या घोषणा भ्रष्ट सरकारविरुद्धच्या होत्या आणि त्यांत तथ्यही होतं. पण लूट मिळते हे दिसल्यावर लुटीसाठी येणारेच येत राहिले, आणि तत्त्वासाठी आलेले मारले गेले किंवा गप्प झाले. १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास लोकांचे हात तोडले गेले, कारण त्या हातांनी मतदान व्हायचं होतं. १९९९ च्या लोमे शांतता करारात सांकोहला उपाध्यक्षाचा दर्जा आणि वर खनिजांवरच्या आयोगाचं अध्यक्षपदही दिलं गेलं. वर्षभरातच, मे २००० मध्ये, त्याच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनला आपल्या गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या वेढल्या गेल्या होत्या, त्यांना जुलैत 'ऑपरेशन खुकरी' करून बाहेर काढावं लागलं. ज्याचं पोट खाणीवर चालतं त्याला खाणीचीच किल्ली दिली, आणि तरीही लोकांना वाटलं होतं की तो शांतता पाळेल.

आता याच्याशेजारी युगांडा ठेव. फेब्रुवारी १९८१ मध्ये योवेरी मुसेवेनीच्या माणसांनी कबांबाच्या छावणीवर हल्ला केला तेव्हा त्यांच्याकडे २७ बंदुका होत्या. हिरे नाहीत, तेल नाही, मोठा पाठीराखा नाही. लुवेरोच्या पट्ट्यात लपायचं तर तिथल्या शेतकऱ्यांनी केळी-कसावा द्यायला हवा, सैनिक कुठे आहेत हे सांगायला हवं आणि स्वतःची पोरं पाठवायला हवीत. म्हणून त्यांनी गावोगाव समित्या नेमल्या, लढणाऱ्यांसाठी आचारसंहिता केली आणि ती मोडणाऱ्या स्वतःच्याच माणसांना कडक शिक्षा केल्या. लुवेरोत लोकांचे अतोनात हाल झाले, पण त्यांतले बहुतेक सरकारी फौजेच्या हातून. हे बंडखोर पाच वर्षांत, जानेवारी १९८६ मध्ये, कंपालात शिरले.

म्हणजे गरीब गट सभ्य आणि श्रीमंत गट क्रूर, असं सूत्र करून ठेवू नकोस. मी स्वतः काही वर्षं असंच मानत होते. आपल्याकडचंच बघ. ठाणे स्टेशनात पाकीट मारणारा आणि गल्लीतल्या दुकानांकडून दर महिन्याला हप्ता घेणारा, दोघंही पैसे काढतात. पण पाकीटमाराला तुझं उद्या काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं. हप्तेवाल्याला दुकान उद्याही उघडायला हवं असतं. दुसरा कोणी दुकानदाराला त्रास द्यायला आला तर तो त्याला हाकलून लावतो, दोन दुकानदारांचं भांडण झालं तर मिटवतो. बंडखोर गट एका जागी टिकणार आहे का आणि त्याला उद्याचा भरवसा आहे का, यावर त्याचं वागणं फिरतं. कोलंबियात फार्क या बंडखोर गटानं कोकाच्या, म्हणजे कोकेनच्या झुडपाच्या, शेतीवर आणि खरेदी-विक्रीवर ठरावीक कर लावला, त्याला तिथे 'ग्रामाखे' म्हणत. कर घ्यायचा तर हिशेब हवा, हिशेब ठेवायचा तर शिस्त हवी, रस्ता सुरक्षित हवा, शेतकरी जिवंत हवा. १९६४ ते २०१६ एवढा काळ तो गट टिकला त्यामागे जंगलाइतकंच हे हिशेबाचं वहीखातं होतं.

श्रीलंकेत ही गोष्ट फारच पुढे गेली होती. किलिनोच्चीत तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईची, स्वतःची पोलीस चौकी, न्यायालय, बँक, वकिलांच्या परीक्षासुद्धा. २००२ च्या युद्धविरामानंतर ए-नऊ महामार्ग उघडला तेव्हा त्यावरून जाणाऱ्या मालावर ते जकात घेत. आणि त्याच भागातल्या शाळांतल्या शिक्षकांचे, दवाखान्यांतल्या डॉक्टरांचे पगार मात्र कोलंबोचं सरकार देत होतं! युद्ध चालू असताना दोन सत्तांनी एकच मुलूख असा वाटून चालवणं पहिल्यांदा ऐकलं की खोटं वाटतं, पण लांबलेल्या यादवीत हे वारंवार दिसतं. सरकारला आपला दावा सोडायचा नसतो, बंडखोरांना शाळा बंद पडलेली परवडत नाही. मात्र न्यायालय चालवणारा गट दयाळू असतो असं समजू नकोस. याच संघटनेनं ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तर प्रांतातल्या हजारो मुस्लिमांना रातोरात घरांतून हाकललं, शाळकरी पोरं सक्तीनं भरती केली आणि 'टेलो'सारख्या दुसऱ्या तमिळ संघटना संपवल्या. हिशेबी हिंसा वेगळी आणि बेबंद हिंसा वेगळी. मरणाऱ्याला फरक पडत नाही, पण युद्धाला पडतो.

नेपाळचं उत्तर मला सगळ्यात जास्त आठवतं. २००७ मध्ये छावण्यांत पडताळणी चालू होती, कोण खरा लढवय्या, कोण नंतर घुसवलेला, कोण अजून अल्पवयीन. रोल्पाकडची एक मुलगी समोर बसली होती. पडताळणीत पास झालेल्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा मुली-बायकांचा होता. माझं हिंदी तिला कळत होतं, तिचं नेपाळी मला निम्मंअधिक. "जेवायला कोण द्यायचं?" "आमा." "तुझी आई?" "नाही, ज्या गावात मुक्काम असेल तिथली आमा. दोघी या घरी, तिघी त्या घरी." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "ती मनापासून वाढायची की भीतीनं, ते आम्ही कधी विचारलं नाही."

१९९६ ते २००६ या दहा वर्षांत माओवाद्यांचं युद्ध त्या घराघरांतल्या ताटांवर चाललं. सोबत शिक्षकांच्या पगारातून सक्तीची वर्गणी, यार्सागुंबा या महागड्या औषधी बुरशीवर कर, आणि 'एक घर एक जना' म्हणून घरटी एका माणसाची मागणी. बदल्यात जनसरकार आणि जनअदालत. जमिनीचा तंटा जिल्ह्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहायचा तो इथे आठवड्यात निकालात निघे. निकाल न्याय्य असेच असं नाही, पण लागे. त्यांचा जिथे पक्का ताबा होता त्या गावांत मारामारी कमी असे. सगळ्यात जास्त माणसं भरडली गेली ती मधल्या गावांत, जिथे दिवसा सैनिक यायचे आणि रात्री माओवादी. दिवसा कोणाला भात वाढला याचा जाब रात्री, रात्री कोणाला वाढला याचा जाब दिवसा. शेजाऱ्यांनी जुनी भांडणं अशा वेळी चुगल्या करून वसूल केली. हे मी सिएरा लिओनमध्येही पाहिलं. वरून राजकीय वाटणारे कितीतरी खून खाली बांधाच्या वादातले असतात.

पण पैसा असूनही न बिघडलेले गट आहेतच. अफगाणिस्तानात तालिबानला अफूचा पैसा मिळत होता, सीमेपलीकडे आसरा होता. माझ्या हिशेबानं त्यांनी नुसते लुटारू व्हायला हवं होतं. उलट सरकारी कोर्टात लाच द्यावी लागते म्हणून लोक त्यांच्या काझींकडे जात, आणि वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, ते काबूलला परतले. तेव्हापासून मी दुसरी गोष्टही बघायला लागले. बंदूक हातात येण्याआधी ही माणसं एकमेकांना कशी ओळखत होती? तालिबानमागे मदरशांचं आणि मौलवींचं जाळं होतं. नेपाळात विद्यार्थी संघटना आणि पक्षाच्या शाखा होत्या. आधीची ओळख असली की वरचा हुकूम खालपर्यंत पोचतो, आणि पैसा आला तरी तो कोणाच्या खिशात गेला हे विचारणारं कोणीतरी असतं. सांकोहकडे असं काही नव्हतं.

हुकूम खालपर्यंत पोचतो का, यावरच युद्धाचा शेवट अवलंबून असतो. वाटाघाटीला बसलेला माणूस 'उद्या सकाळी बंदुका खाली' म्हणाला तर खरंच त्या खाली ठेवल्या जातील का? मिझोरम बघ. १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटनं बंड केलं, जून १९८६ मध्ये करार झाला, फ्रंटचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि तो करार टिकला, कारण समोर एकच संघटना होती आणि तिचं ऐकणारे लोक होते. नागालँडमध्ये १९७५ चा शिलाँग करार एका भागानं केला, दुसऱ्यानं नाकारला. १९८० मध्ये नवी संघटना निघाली, १९८८ मध्ये तीही फुटली. २०१५ मध्ये आराखडा करार झाला, पण अंतिम तोडगा अजून नाही. जेवढे गट तेवढे नकार देऊ शकणारे. पूर्व काँगोत शंभराहून अधिक सशस्त्र गट आहेत; तिथे एकाशी करार केला की दुसऱ्याला लढत राहण्यात फायदा दिसतो. एम-२३ हे नावच मुळी २३ मार्च २००९ च्या मोडलेल्या करारावरून पडलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये या गटानं गोमा पुन्हा घेतलं, रवांडाच्या मदतीनं, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल सांगतात.

फूट पडली की सरकारचं फावतं हेही खरं. मार्च २००४ मध्ये वाघांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा त्यांच्यापासून फुटला आणि पूर्व श्रीलंकेतली भरती आणि माहिती दोन्ही गेली. मे २००९ च्या पराभवाची सुरुवात मी तिथून धरते. पण अशी फूट लोकांना सुखाची असेलच असं नाही. १९९१ मध्ये जॉन गरांगच्या सुदानी मुक्तिसेनेतून रिएक मचार वेगळा झाला तेव्हा बोरमध्ये मोठी कत्तल झाली. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये जी यादवी पेटली तिच्यात समोरासमोर पुन्हा त्याच जुन्या फळ्या होत्या.

गट एकाच माणसाभोवती बांधलेला असेल तर शेवट झटक्यात येतो. अंगोलात जोनास साविंबीनं १९९२ ची निवडणूक हरल्यावर पुन्हा युद्ध सुरू केलं. समुद्रातलं तेल सरकारकडे, नदीतले हिरे त्याच्याकडे, त्यामुळे दोघांनाही थांबायची घाई नव्हती. २२ फेब्रुवारी २००२ ला तो मारला गेला आणि सहा आठवड्यांत, ४ एप्रिलला, युद्धविराम झाला.

बाहेरचा पाठीराखा हा विषय परीक्षेत नेहमी येतो, त्यावर थोडक्यात. गटाला गावापेक्षा परक्या राजधानीतून जास्त मिळू लागलं की तो गावाला विचारेनासा होतो. मोझांबिकमधला रेनामो ऱ्होडेशियाच्या गुप्तहेरांनी उभा केला, पुढे दक्षिण आफ्रिकेनं पोसला, आणि त्यानं शाळा-दवाखाने जाळले. शीतयुद्ध संपून आधार आटला तसा तो १९९२ मध्ये रोममध्ये करारावर आला. कधी कधी हे भूत सरकारच निर्माण करतं. सुदानची आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) ही दारफूरमधल्या जंजावीद टोळ्यांतून सरकारनंच उभी केलेली फौज. स्वतःच्या सोन्याच्या धंद्यावर ती एवढी मोठी झाली की एप्रिल २०२३ पासून ती सैन्याशीच लढते आहे.

आणि हे दूरचं आहे असं समजू नकोस. वाशीच्या दाणाबंदरात म्यानमारचा उडीद आणि तूर येते. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथलं कोणतं खोरं कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी आपले डाळीचे व्यापारी करतात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूतींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि न्हावा शेव्याहून युरोपला निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले.

कंटेनरांवरून नेपाळचं राहिलेलं सांगते. मी उलव्यात भावाकडे जाते तेव्हा उरणच्या रस्त्याला रचलेल्या कंटेनरांच्या थप्प्या दिसतात. नेपाळच्या छावण्यांत माओवाद्यांची शस्त्रं अशाच लोखंडी कंटेनरांत ठेवली होती. किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे, पण बाहेर संयुक्त राष्ट्रांचा पहारा, दिवे, कॅमेरा आणि दार उघडलं की वाजणारा भोंगा. मला ती फार शहाणपणाची योजना वाटली. बंदूक टाकली तर सरकार उलटेल, ही भीती बंडखोराला खरोखर असते. किल्ली जवळ राहिल्यामुळे तो टेबलावर बसून राहिला. ही युक्ती चालली ती त्या गटात हुकूम पाळला जात होता म्हणून. कोनोत तीच किल्ली दिली असती तर कंटेनर त्याच रात्री रिकामा झाला असता.

१९,६०२ जण पडताळणीत पास झाले. २०१२ पर्यंत त्यांतले चौदाशेच्या आसपास नेपाळी सैन्यात गेले, बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. अल्पवयीन किंवा उशिरा भरती झालेले म्हणून ४,००८ जण अपात्र ठरले, त्यांना यातलं काहीच मिळालं नाही. ते पुढे कितीतरी वर्षं मोर्चे काढत राहिले.

तू 'वाटा किती' असं विचारलंस, म्हणून उत्तरात आणखी एक माणूस यायला हवा. कोनोच्या त्या टेबलाशी रायफलवाल्या मुलाच्या मागे एक मुलगी उभी होती, पाठीवर तान्हं बाळ. तो गेल्यावर ती पुढे आली. शस्त्र आहे का? नाही. मग नोंद होणार नाही, असा नियम होता, आणि तो सांगण्याचं काम माझं होतं. तिनं ऐकून घेतलं. मी सवयीनं तोच प्रश्न विचारला, जेवायला कोण द्यायचं. ती म्हणाली, "मी." चार वर्षांपूर्वी अन्न शोधायच्या एका मोहिमेत तांदळाच्या पोत्यासोबत तिलाही आणलं होतं, तेव्हापासून तीच त्या तुकडीसाठी रांधत होती, लाकडं आणत होती, जखमा बांधत होती. आमच्या यादीत ती नव्हती. अशा हजारो राहून गेल्या. शेजारच्या लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा बायका-मुलांसाठी शस्त्राची अट काढली होती. तिथे एक लाखाहून जास्त लोक आले, त्यांत बावीस हजारांवर स्त्रिया होत्या, आणि जमा झालेली शस्त्रं सुमारे २८ हजार.